अमिश फ्रूट केक कापताना दरवर्षी चुरा होतोय? माझं काय काय चुकत होतं

सुरी वरच्या चेरीतून नीट आत जाते. मग चकती पडायच्या ऐवजी दोन पेकन (अक्रोडासारखा इकडचा सुकामेवा) एकीकडे, खजूर दुसरीकडे आणि मधे पिवळसर भुगा. सलग तीन डिसेंबर आमच्या घरी हेच झालं, त्यातलं तिसऱ्यांदा पाहुण्यांसमोर. नवऱ्याने काही न बोलता वाट्या-चमचे आणून ठेवले आणि सगळ्यांनी तो केक चिवड्यासारखा खाल्ला. चव उत्तम होती, म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, लँकेस्टर काउंटीपासून पाऊण तासावर. अमिश लोकांची शेतं, घोडागाड्या, दोरीवर वाळणारे निळे-जांभळे कपडे हे सगळं रस्त्यावरून जाताना रोजचं. १६९३ मध्ये याकोब अम्मान याच्यामागे युरोपातल्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांपासून (मोठेपणीच बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ती पंथ) वेगळी झालेली ही मंडळी अठराव्या शतकात इकडे आली. घरात आजही जर्मनची एक बोली बोलतात आणि तारेवरची वीज घरात घेत नाहीत. वीज नाही म्हणजे भट्टी नाही असं नव्हे. बहुतेक स्वयंपाकघरांत प्रोपेन गॅसचा ओव्हन असतो, काही ठिकाणी लाकडावरचा लोखंडी चूलखंडही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी एक खुलासा. ‘अमिश फ्रूट केक’ म्हणून एकच ठरलेली कृती नाही. घराघरांत वेगळी कार्डं. मला आजवर दोन धाटण्या भेटल्या. एक सफरचंदाच्या गराची, तपकिरी, दालचिनी-लवंगेची. दुसरी फिकट, मसाल्याशिवाय, जिच्यात फळं आणि पेकनच जास्त आणि पीठ नावाला. चुऱ्याची तक्रार या दुसरीची, म्हणून इथे मुख्यतः तिच्याबद्दलच लिहिते.

माझ्या कार्डावरचं प्रमाण, निम्मं करून, एका लांबट ब्रेडच्या साच्यासाठी: खजूर २२५ ग्रॅम, साखरेत मुरवलेल्या चेरी २२५, तसाच अननस २२५, पेकन ४५०, मैदा १२५, साखर १००, अंडी २, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, मीठ पाव चमचा. लोणी नाही, तेल नाही, दूध नाही. रम-ब्रँडीही नाही. आता बेरीज करून बघा. फळं आणि पेकन मिळून सव्वा अकराशे ग्रॅम, आणि त्यांना धरून ठेवायला मैदा, साखर, अंडी मिळून जेमतेम सव्वातीनशे.

याला केक म्हणतात म्हणून आपण केकसारखं वागवतो, तिथेच फसतो. फसफसून फुगणारं मिश्रण यात नाहीच. हा डिंकाच्या लाडवाचा भाऊबंद आहे. तिथे पाक आणि तूप जे काम करतं ते इथे अंडं, थोडं पीठ आणि खजुराचा चिकटपणा करतो. लाडू वळला नाही तर आपण काय म्हणतो? पाक चुकला, किंवा मिश्रण कोरडं झालं, किंवा हात नीट दाबला नाही. इथेही तेच तीन प्रश्न विचारायचे. मी मात्र पहिल्या वर्षी चुरा झाला म्हणून दुसऱ्या वर्षी मैदा दुप्पट केला. झाला काय, तर कोरडा पाव, ज्यात फळं अडकलेली. तिसऱ्या वर्षी बेकिंग पावडर वाढवली. केक वर आला, मग खाली बसला, आणि आत इतकी भोकं पडली की चिकटायला एकमेकांना काही लागलंच नाही.

चुऱ्याकडे आधी नीट बघा

कृती बदलण्याआधी पडलेला तुकडा खिडकीशी नेऊन बघा. पांढरे कोरडे ठिपके दिसले, बोटाने चोळल्यावर पिठासारखे निघाले, तर मैदा नीट मिसळला नाही. फळांच्या मधे पोकळ्या आणि अंड्याचे शिजलेले दोर दिसले, तर साच्यात दाबलं नाही. चेरीभोवती ओलं, चकचकीत, गिचगिचीत कडं असेल तर फळांतला पाक आत गेला. कडा गडद, टणक, आणि मधला भाग ठीक, तर आच जास्त होती. आणि यातलं काहीच नसून तरी तुकडा सुटतोय, तर तुम्ही घाई केली.

माझ्या तुकड्यात पोकळ्या होत्या आणि घाईही होती. हे मला कळलं ते लँकेस्टरच्या सेंट्रल मार्केटात. १८८९ च्या लाल विटांच्या इमारतीत भरणारा हा बाजार मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार उघडा असतो. तिथे एक अमिश बाई पाव आणि ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) विकतात. तिसऱ्या फजितीनंतर मी धीर करून डब्यात केकचे अवशेष घेऊन गेले. पांढऱ्या टोपीतल्या त्या बाईंनी एक तुकडा उचलला, अंगठा आणि दोन बोटांमधे दाबला, तो फुटला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. किती दिवसांनी कापलात? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी. मिश्रण कशाने कालवलंत? म्हटलं, लाकडी चमच्याने. त्या हसल्या आणि हात वर करून मूठ आवळून दाखवली. मग पुन्हा उघडली, पुन्हा आवळली. बस. मागे गिऱ्हाईक थांबलं होतं, त्या पाव गुंडाळायला लागल्या.

ती मूठ मी आमच्या तासगावच्या घरात शंभरदा पाहिलेली. आई मेथीचे लाडू करताना परातीत अशीच मूठ आवळून बघायची. सुटली की अजून तूप. आठ हजार मैलांवर येऊन ते आठवायला मला तीन वर्षं लागली, हे कबूल करायला जरा लाज वाटते.

हात घाला

खजूर, चेरी, अननस मोठ्या परातीत घ्या. मैदा, बेकिंग पावडर, मीठ एकत्र चाळून त्यावर टाका आणि बोटांनी इतकं चोळा की प्रत्येक तुकडा सुटा आणि पांढरा दिसेल. खजुराचे दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले राहिले तर त्यांच्या मधे पीठ जात नाही आणि पुढे तिथूनच केक फुटतो. अंडी वेगळ्या भांड्यात फेस येईपर्यंत फेटा, साखर थोडी थोडी घाला, मग ते परातीत ओता. पेकन सगळ्यात शेवटी. आता चमचा बाजूला. दोन्ही हातांनी खालून वर, खालून वर, परातीच्या तळाला कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. मिक्सरच्या नादी लागू नका, तो खजुराचा लगदा करतो आणि पेकन मोडतो.

आता मूठ. मिश्रण आवळून सोडलं की बोटांच्या खुणा राहिल्या पाहिजेत आणि गोळा टिकला पाहिजे. फुटला तर अर्धं अंडं फेटून घाला. पाणी किंवा दूध घालायचं नाही, ते ओव्हनमधे उडून जातं आणि मागे भोकं ठेवतं.

साच्यात एकदम ओतू नका. तीन थर करा. पहिला थर टाकून ओल्या हाताने कोपऱ्यांत दाबा, अगदी बोटाच्या पेराने. दुसरा, परत दाबा. तिसरा टाकून तळहाताने वजन द्या. मग साचा ओट्यावर दोनदा आपटा. आपटल्यावर पातळी खाली गेली तर आत पोकळी होती. साच्यात खूप कमी जागा उरलीय अशी भीती वाटेल, पण हा केक फुगत नाही.

खजूर आणि चेरीचं वेगळंच दुखणं

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण चूक माझ्या हाताची नव्हती, पाकिटाची होती. इकडे चिरलेला खजूर पाकिटात मिळतो. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर ओटचं पीठ किंवा डेक्स्ट्रोज साखर लावलेली असते. उघड आहे, चिकटू नये म्हणून लावलेली गोष्ट चिकटू देत नाही! शिवाय ते तुकडे कोरडे, चामड्यासारखे. तेव्हा अख्खा खजूर घ्या, बी काढा, ओल्या कात्रीने एकाचे चार तुकडे करा. मेजूल मऊ आणि जास्त चिकट, डेगलेट नूर जरा घट्ट. मी निम्मं-निम्मं घेते. तुमच्याकडचा खजूर टणक असेल तर वाफेवर पाच मिनिटं ठेवा आणि गार करा. पाण्यात भिजवू नका.

चेरीचं उलट. ती पाकात निथळत असते. तशीच घातली तर तिच्याभोवती मैदा कधी शिजतच नाही, मेणासारखा राहतो. चाळणीत टाकून कोमट पाण्याने धुवा, मलमलीवर पसरा, वरून दुसऱ्या फडक्याने टिपा आणि तासभर तशीच राहू द्या. अननसालाही तेच. इथल्या बल्क फूड दुकानांत नोव्हेंबरपासून हा सुकामाल पारदर्शक पिशव्यांत येतो. डबाबंद मालापेक्षा तो मला कोरडा मिळाला, म्हणून मी तिथूनच आणते.

पेकनची न मोडलेली अर्धुकं छान दिसतात, पण सुरीच्या वाटेत आडवे आलेले अर्धे पेकन म्हणजे चकतीतली फट. मी दोन तृतीयांश मोडून घालते, उरलेले वरून लावते. आधी भाजायचे असतील तर भाजा, पूर्ण गार करून घाला, नाहीतर अंडं परातीतच शिजतं.

अंड्याचं वजन करा. अमेरिकेतलं ‘लार्ज’ अंडं कवच काढून साधारण ५० ग्रॅम भरतं. या कृतीत दोन अंडी म्हणजे १०० ग्रॅम डिंक. त्यातले वीस ग्रॅम कमी पडले तर केक सुटणारच.

आच

जुन्या कार्डांवर तापमानाचा आकडा नसतो, ‘मंद भट्टी’ एवढंच असतं. लाकडाच्या चुलखंडावर आकडा होताच कुठे? आजच्या भाषेत ती मंद भट्टी म्हणजे २७५ अंश फॅरनहाइट, १३५ सेल्सिअस. नेहमीच्या केकच्या सवयीने लोक ३५० वर, म्हणजे १७५ च्या आसपास लावतात. खजूर आणि चेरीतली साखर तेवढ्या आचेवर कडेला करपते, आणि दीड किलोचा घट्ट ठोकळा मधोमध गरम व्हायला अजून तासभर असतो. करपलेली कड काचेसारखी तडकते. कापताना पहिला आवाज येतो तो तिचाच.

माझा ओव्हन १३५ दाखवायचा आणि आत १५० च्या वर असायचा. दहा-बारा डॉलरचा ओव्हनमधे लटकवायचा थर्मामीटर आणल्यावर हे कळलं. तो घ्याच. पंख्याचा ओव्हन असेल तर १५ अंश सेल्सिअस कमी ठेवा. साच्याला आतून बटर पेपर लावा, कडा साच्याच्या वर दोन बोटं येऊ द्या, म्हणजे नंतर केक उचलता येतो. जुन्या कार्डांवर किराणाच्या तपकिरी पिशवीचा कागद सांगितलेला असतो. तो आता वापरू नका, त्या पिशव्या ओव्हनसाठी बनवलेल्या नसतात. खालच्या कप्प्यात पाण्याची पसरट ताटली ठेवा, वरचा थर सुकत नाही. तासाभराने वरून फॉइल सैलसर झाका.

दीड तासाने तपासायला लागा. काडी घालून बघण्यात अर्थ नाही. खजुरात गेली तर चिकट येते, पेकनमधे गेली तर कोरडी, आणि दोन्ही वेळा खोटं सांगते. मधोमध तापमान मोजा. ९३ ते ९६ सेल्सिअस झालं की काढा. थर्मामीटर नसेल तर वरच्या भागावर बोटाने दाबा. दबून परत न येणारं मऊपण उरलं असेल तर अजून दहा मिनिटं.

मुरू द्या

साच्यातच पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे चार-पाच तास, रात्रभर असेल तर उत्तम. गरम असताना अंड्याचा बांध अजून नाजूक असतो आणि फळांतली साखर पातळ असते. बाहेर काढायची घाई केलीत तर तळ साच्यातच राहतो.

मग आधी बटर पेपर, त्यावर फॉइल. फॉइल थेट लावू नका, फळांच्या आंबटपणाने ते भोकं पडून खराब होतं. गुंडाळलेला केक फ्रिजमधे किमान दहा दिवस. दारू नसलेला केक ओट्यावर महिनाभर ठेवायचा नाही. रममधे भिजवलेल्या केकचं टिकणं या केकला लागू होत नाही, त्याला बुरशी धरते. सफरचंदाचा रस लावायची पद्धत काही घरांत आहे. लावायचाच तर ब्रशने एखादा चमचा, तोही एकदाच.

या दहा दिवसांत काय होतं ते लोणचं घातलेल्या माणसाला सांगायला नको. फळांतला ओलावा हळूहळू मैद्याकडे सरकतो, कोरडा भुगा मऊ होतो, खजुराची साखर सगळीकडे पसरते आणि थंडीने घट्ट होते. त्याच साच्यातला केक दुसऱ्या दिवशी चुरा होतो आणि बाराव्या दिवशी सलग कापला जातो. मी एकदा मुद्दाम अर्धा-अर्धा करून पाहिला आहे. बाकीच्या सगळ्या सुधारणा एका पारड्यात आणि हे दुसऱ्यात टाकलं तरी हेच जड भरेल असं माझं मत.

कापायचा तो थेट फ्रिजमधून काढून. दातेरी सुरी, पाव कापायची. दाब न देता करवतीसारखी मागे-पुढे. प्रत्येक चकतीनंतर गरम पाण्यात बुडवून पुसा. दीड सेंटिमीटरपेक्षा पातळ काढायचा हट्ट नको.

सफरचंदाच्या गराचा केक करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते, मधला भाग गिच्च राहण्याची. तिथे गर पातळ असतो हे कारण. गर कढईत आटवून चमच्यावर उभा राहील इतका घट्ट करा, गार करा, मगच घाला. सोडा घातल्यावर मिश्रण ठेवून देऊ नका. गराच्या आंबटपणाने तो लगेच फसफसायला लागतो आणि ओव्हनमधे जाईपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं.

सांगलीहून ताईचा फोन

ताईने गेल्या वर्षी ही कृती तिकडे करून पाहिली आणि ‘अगं, तुझ्या केकचा पार भुगा झाला’ म्हणून फोन केला. तिचं निदान फोनवरच झालं. अंडी लहान होती, दोन मिळून ऐंशी ग्रॅमही नव्हती. तिथे तीन घाल म्हटलं. चेरीऐवजी तिने टुटीफ्रुटी घातली होती. ती कच्च्या पपईची असते आणि बऱ्याचदा पाकाने ओली, तेव्हा तीही धुऊन टिपून घ्यायची. पेकनऐवजी अक्रोड चालतात. आमच्याकडचे बेदाणे घालायचा मोह तिला होणारच, तासगावची मुलगी. पण वाळवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या (लवकर वाळावीत म्हणून वापरतात त्या तेलाच्या) द्रावणात बुडवतात, म्हणून बेदाणे कोमट पाण्यात चोळून धुवायचे आणि पुरते सुकवायचे. तिचा ओटीजी लहान, वरची दांडी केकच्या डोक्याला टेकलेली. साचा सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला, वरची दांडी बंद केली, फॉइल सुरुवातीपासून झाकलं. यंदा तिने चकतीचा फोटो पाठवला. कड जरा काळी आहे, पण चकती उभी आहे.

आणि हे वाचताना तुमच्या ताटात आधीच चुरा पडला असेल तर टाकू नका. दोन चमचे मध कोमट करून त्यात हलक्या हाताने कालवा, बटर पेपर लावलेल्या साच्यात परत गच्च दाबा, वर पुठ्ठा आणि त्यावर वरवंटा किंवा डाळीचे दोन डबे ठेवून रात्रभर फ्रिजमधे. सकाळी वडीसारखा कापता येतो.

नाताळला कापायचा तर १० डिसेंबरपर्यंत भाजून झालेला बरा. बावीस तारखेला आठवण झाली असेल तर मी २५ तारखेचा नाद सोडते. इथली काही अमिश घरं ६ जानेवारीलाही जुना नाताळ पाळतात, आणि बावीस ते सहा मोजले तर पंधरा दिवस होतात.